मानसिंग निकमांचा रेडिओ आणि पंधरा मेन स्विच

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राहीबाई वाठारहून कोपरखैरण्याला येणार आहेत, ही बातमी पुतळाबाईंनी मंगळवारी सकाळी चहाच्या कपाबरोबरच नवऱ्यासमोर ठेवली. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मानसिंग निकम हे सासूला घाबरणारे जावई नव्हते. तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेला माणूस सहसा कोणालाच घाबरत नाही; त्याच्या सहीशिवाय साधा नट-बोल्ट गेटबाहेर जात नसतो. पण पुतळाबाई पुढे म्हणाल्या की, आई म्हणत होती, डोळ्यावर पट्टी बांधल्यावर बघायला तर काही नसणार, तेव्हा जावईबापूंचा रेडिओ ऐकत बसेन. निकमांनी चहात बुडवलेलं बिस्कीट तिथेच विरघळून तळाशी गेलं.

त्याचं असं होतं. सासरे वारले त्या वर्षी राहीबाईंनी त्यांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ जावयाच्या स्वाधीन केला होता. तिकडे मुंबईला कारागीर चांगले असतील, दुरुस्त करून घ्या आणि ऐका, एवढंच सांगितलं होतं. निकमांनी तो एसटीतून मांडीवर घेऊन आणला, माळ्यावर ठेवला आणि विसरून गेले. दिवाळीला सासुरवाडीला गेल्यावर राहीबाईंनी विचारलं, वाजतो का हो? ताटात अनारसे होते, भोवती चार पाहुणे बसले होते. निकम म्हणून गेले, वाजतो की, फर्स्टक्लास. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण पुढच्या दिवाळीला राहीबाईंनी विचारलं, काय काय ऐकता? मग निकमांनी एक नाट्यवाचन ऐकल्याचं सांगितलं. त्यानंतर दरवर्षी काहीतरी नवं सांगणं आलंच. एका वर्षी त्यांनी दूर कुठल्या तरी परक्या देशाचं स्टेशन पहाटे लागल्याचं सांगून तिथल्या बाईचा आवाज कसा होता याचं वर्णनही केलं होतं. राहीबाई म्हशींना सोडून कधी गाव सोडत नसत, त्यामुळे हे प्रकरण तीस वर्षं सुखाने चाललं. आता म्हशी विकल्या होत्या आणि राहीबाई पुढच्या शनिवारी येणार होत्या. हाताशी अकरा दिवस होते.

निकमांनी स्टूल काढलं. समोरच्या फ्लॅटमधून श्यामसुंदर मढवींना स्टूल धरायला बोलावलं. मढवी मूळचे इथलेच, खाडीकाठच्या गावातले. ज्या जमिनीवर आज सोसायटी उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती, आणि म्हणून सोसायटीतल्या कुठल्याही गोष्टीत सल्ला देण्याचा आपल्याला वडिलोपार्जित हक्क आहे असं ते धरून चालत. माळ्यावरून आधी गणपतीचं मखर आलं, मग कपबशांचं खोकं, मग एक सूटकेस, जिची किल्ली सूटकेसमध्येच होती. सर्वांत शेवटी रेडिओ आला. तो खाली घेताना मढवींचे दोन्ही गुडघे एकदम वाजले.

"दादा, ह्यो रेडिओ नाय," मढवी म्हणाले, "ह्यो कपाट हाय."

मागचा पुठ्ठा काढला तर आत उंदराचं घर. घर जुनं, मालक केव्हाच सोडून गेलेला, पण बांधकाम पक्कं होतं. कुरतडलेल्या जाडसर, पिवळ्या कागदाची छान गोल वाटी केलेली होती. मढवींनी त्यातला एक तुकडा उचलून उजेडात धरला. त्यावर सोसायटीचा अर्धा शिक्का होता आणि खाली 'मानसिंग' एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की सोसायटीने आपल्याला शेअर सर्टिफिकेट दिलंच नाही, अशी तक्रार निकम गेली अकरा वर्षं करत होते. सेक्रेटरी रावसाहेब शेळके यांना त्यांनी या विषयावर चौदा पत्रं लिहिली होती. त्यांतल्या शेवटच्या तीन पत्रांत 'बेजबाबदार' हा शब्द होता आणि चौदाव्यात तो अधोरेखित होता. निकमांनी मढवींच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि हा विषय आपल्या दोघांतच राहू द्या अशी विनंती केली. मढवींनी लगेच मान डोलावली. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना समजलं.

आता शहाण्या माणसाने कारागीर शोधला असता. पण आपल्या हाताखालून हजारो सुटे भाग गेले आहेत, तेव्हा यंत्राची जाण आपल्याला आहेच, असा निकमांचा समज होता. सुटे भाग त्यांच्या हाताखालून खोक्यांत बंद होऊन गेले होते, हा तपशील त्यांनी विचारात घेतला नाही. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले, पेंटच्या ब्रशने धूळ झटकली, उंदराचं घर उपसलं, उंदराने चावलेल्या वायरला चिकटपट्टी गुंडाळली. आधी थोडा वेळ उन्हात ठेवा, दमट असेल, असं पुतळाबाईंचं म्हणणं पडलं. ते ऐकलं नाही. गाडीसारखा एकदाच चालू करून बघा, रक्त फिरेल, हे मढवींचं म्हणणं ऐकलं.

बटण फिरवल्यावर काही क्षण काहीच झालं नाही. मग आतून ऊं असा आवाज आला. निकमांचा चेहरा उजळला. त्यानंतर आवाज झाला तो फटाक्याचा. पांढऱ्या धुराचा एक गोळा हळूहळू वर गेला आणि पंख्यापाशी थांबला, कारण पंखा थांबला होता. मीटर रूममधला मुख्य फ्यूज उडून सगळी बिल्डिंग बंद पडली होती.

लिफ्टही बंद पडली होती आणि लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये, एका हातात मेथीची जुडी घेऊन रावसाहेब शेळके उभे होते. लिफ्टवाला माणूस यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात रावसाहेबांशी फटीतून बोलत राहून त्यांना धीर देण्याचं काम मढवींनी स्वतःकडे घेतलं, आणि बोलायला दुसरा विषय नसल्यामुळे त्यांनी रेडिओ, उंदीर आणि शेअर सर्टिफिकेट हे सगळं क्रमाने सांगितलं. रावसाहेब बाहेर आले तेव्हा मेथी सुकली होती, पण ते स्वतः टवटवीत दिसत होते. निकमांच्या दाराशी येऊन ते फक्त एवढंच म्हणाले की, सवडीने बोलू.

शेवटी कारागीर मिळाला तो वाशीला, एपीएमसी मार्केटात, कांदे-बटाट्याच्या गाळ्यांत. बाबासो नावाचे हे गृहस्थ पंच्याहत्तरीचे. तरुणपणी कऱ्हाडला त्यांचं रेडिओचं दुकान होतं. रेडिओ संपले तसे ते इकडे आले आणि आता व्यापाऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करत. निकमांनी रेडिओ चांगल्यातल्या सोलापुरी चादरीत गुंडाळून रिक्षाने नेला. ती चादर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली होती, हे त्यांना परत आल्यावर पुतळाबाईंनी नीट समजावून सांगितलं.

बाबासोंनी चादर उलगडली आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. दोन हमाल डोक्यावरची पोती तशीच ठेवून बघायला थांबले. मग बाबासोंनी चिकटपट्टीचं टोक चिमटीत धरून विचारलं, हे कोणी केलं? निकम म्हणाले, उंदराने. बाबासो म्हणाले, उंदराचं मला दिसतंय, चिकटपट्टीचं विचारतोय. निकमांनी मार्केटच्या छताकडे पाहिलं.

पण माणूस गुणी निघाला. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून ठेवलेले व्हॉल्व्ह होते, काचेच्या छोट्या बाटल्यांसारखे. दुकान बंद करताना ते विकायला त्यांचं मन झालं नव्हतं. सहा दिवस ते गिऱ्हाइकांचे काटे बाजूला सारून रेडिओपाशी बसले. फुटलेला कंडेन्सर बदलला, दुसरे चार बदलले, काटा सरकवणारी दोरी नवी ओवली, स्पीकरच्या फाटक्या कागदाला पातळ कागदाचं ठिगळ लावलं. निकम रोज दुपारी जाऊन बटाट्याच्या पोत्यावर बसत. आपण मदत करतो आहोत असं त्यांना वाटे. बाबासोंनी त्यांना एक टॉर्च धरायला दिला होता आणि तो बंद असला तरी त्यांनी हरकत घेतली नव्हती. सातव्या दिवशी, दुपारच्या सामसुमीत, कांद्याच्या ढिगावर ठेवलेल्या त्या रेडिओतून एक बाई शांतपणे बातम्या सांगू लागली. हमाल उठून बसले. एकाने नकळत टोपी काढली. निकमांना भरून आलं, आणि त्यांनी ते कांद्यांवर ढकललं.

बुधवारी संध्याकाळी रेडिओ घरी आला, टीपॉयवर बसला, लागला, आणि त्यातून खरखरीशिवाय काहीही ऐकू आलं नाही. ही खरखर साधीसुधी नव्हती. कढईत ओली मिरची टाकल्यासारखा चरचराट, त्याच्या आत भुंगा, आणि मधूनच कोणी पत्रा ओढत नेल्यासारखा आवाज. मढवींनी निदान केलं की एरियलची तार उंच पाहिजे. तांब्याची तार गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत बांधली. तासाभरात चौथ्या मजल्यावरच्या प्रियदर्शिनीने त्या तारेवर तीन कुर्ते आणि एक दुलई वाळत घातली. निकमांनी वर जाऊन, हे कपडे कृपया काढा, यांतून बातम्या येतात, असं सांगितलं, तेव्हा ती त्यांच्याकडे बऱ्याच काळजीने बघत होती. कपडे निघाले, पण खरखर तशीच राहिली.

गुरुवारी सकाळी बाबासो स्वतः घरी आले. त्यांनी कान लावून ऐकलं. उठून हॉलमधला दिवा बंद केला, खरखर थोडी कमी झाली. मोबाइलचा चार्जर काढला, आणखी कमी झाली. मग त्यांनी खिडकीतून वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि पाट्यांवरची नावं वाचत जिना उतरून पुन्हा वर आले.

"रेडिओला काय झालेलं नाही, पाव्हणं," बाबासो म्हणाले. "तुमच्या बिल्डिंगला झालंय."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. हे नवे दिवे, हे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचे डबे, लिफ्ट, सगळे आपापल्या परीने हवेत कुरकुरत असतात. माणसाला ते ऐकू येत नाही, या रेडिओला सगळं ऐकू येतं. हा बनला तेव्हा घरात एक पिवळा दिवा असायचा आणि तोही कोणी उगाच लावत नसे. उपाय एकच. बाकीचे पंधरा फ्लॅट आणि लिफ्ट यांचे मेन स्विच बंद, आणि फक्त निकमांचा चालू.

राहीबाई परवा येणार होत्या. निकमांनी अर्ज लिहायला घेतला.

सरकारी खात्यात पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या रावसाहेबांना अर्ज वाचताना होणारा आनंद इतरांना जेवताना होतो. त्यांनी निकमांचा अर्ज तीनदा वाचला आणि शांतपणे अडचणी सांगितल्या. अर्जात प्रयोजन नाही. रेडिओची स्थिती नमूद नाही. तो नादुरुस्त कधीपासून होता, कुठे होता, हे आलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणीही उठून मेन बंद करा म्हणेल. आणि मुख्य म्हणजे अर्जदार हा सभासद असला पाहिजे, सभासदत्वाचा पुरावा म्हणजे शेअर सर्टिफिकेट, आणि ते तर, त्यांच्या माहितीप्रमाणे, उंदराने सादर केलेलं आहे.

निकमांपुढे दोन वाटा होत्या. एक, सासूसमोर खोटं उघडं पडू देणं. दुसरी, रावसाहेबांची माफी मागणं. त्यांनी पूर्ण एक दुपार विचार केला. पुतळाबाईंनी विचारलं की आईला सरळ खरंच का सांगत नाही? निकम म्हणाले, तीस वर्षांनी खरं सांगितलं तर ते खोट्यापेक्षा वाईट दिसतं. मग त्यांनी रेडिओची तीस वर्षांची हकिगत अर्जात भरली आणि माफीसाठी नवा कागद घेतला. माफीच्या पत्रात त्यांनी 'बेजबाबदार' हा शब्द मागे घेतला. अधोरेखनही मागे घेतल्याचं वेगळं लिहा, असं रावसाहेबांनी सुचवलं, तेही लिहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये तातडीची सभा झाली. रावसाहेबांनी माफीपत्र मोठ्याने वाचलं, आणि मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा वाचलं. निकम दोन्ही वेळा स्वतःच्या चपलांकडे बघत बसले. मग हरकती आल्या. कोणाच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीम होतं. कोणाच्या टाकीत मासे होते आणि माशांना बुडबुडे लागत होते. प्रियदर्शिनीचं रविवारीही ऑफिसचं काम असे. ती म्हणाली की, लॅपटॉप बॅटरीवर चालवते, पण कोणाची तरी सासू रेडिओ ऐकणार आहे हे बॉसला कसं सांगायचं तेवढं मला सुचवा. मढवी उठले आणि म्हणाले, आमचे वेळेला इथं लाइट नव्हतीच, भात तरी पिकायचा. याचा विषयाशी काय संबंध हे कोणाला कळलं नाही, पण त्याला उत्तरही कोणाला सुचलं नाही, आणि ठराव मंजूर झाला. रविवारी सकाळी अकरा ते साडेअकरा, फक्त एकदाच. अट अशी की, घरात पंखासुद्धा चालू नसल्याने ज्या सभासदांना रेडिओ ऐकायला यायचं असेल त्यांना निकमांनी येऊ द्यावं.

शनिवारी राहीबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी, नऊवारी चापूनचोपून नेसलेली, डोळ्यांत ढग उतरलेले. आल्या आल्या त्यांनी रेडिओ कुठे आहे विचारलं, टीपॉयपर्यंत चाचपडत गेल्या आणि लाकडावरून तळहात फिरवला. याला कांद्याचा वास येतोय, म्हणाल्या. निकमांनी सांगितलं की मामी, हा आता वेळापत्रकाप्रमाणेच लागतो, उद्या अकराला. राहीबाई बरं म्हणाल्या.

रविवारी पावणेअकराला निकमांच्या हॉलमध्ये एकतीस माणसं होती. पुतळाबाईंनी आधी सोफा, मग दिवाण, मग सतरंजी, मग स्वयंपाकघराचा उंबरा अशी जागा भरून घेतली. आइस्क्रीमवाल्यांनी आइस्क्रीम बरोबरच आणलं होतं, वितळण्यापेक्षा वाटलेलं बरं म्हणून. बाबासो रेडिओमागे बसले होते. मढवी मीटर रूममध्ये होते. अकराला पाच मिनिटं असताना रावसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. कामकाजाच्या सुरुवातीला ठराव वाचला जातो, हे निकमांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रावसाहेब खणखणीत आवाजात वाचू लागले. "श्री. मानसिंग निकम यांच्या माळ्यावर गेली तीस वर्षे नादुरुस्त अवस्थेत पडून असलेला, व त्या काळात एकदाही न वाजलेला रेडिओ..."

पुढचं निकमांना ऐकू आलं नाही. त्यांनी राहीबाईंकडे पाहिलं. त्या हात मांडीवर ठेवून, मान किंचित कलती करून, देवळात पोथी ऐकावी तसा ठराव ऐकत होत्या. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

खालून मढवींनी एकेक मेन स्विच पाडायला सुरुवात केली. उत्साहात त्यांनी निकमांचाही पाडला, तो प्रियदर्शिनीने जिन्यातून हाक मारून परत लावून घेतला. मग घरं गप्प झाली. लिफ्ट गप्प झाली. एरवी सदैव चालू असणारा सोसायटीचा कसलासा गुंजारव थांबला, आणि तो होता हे सगळ्यांना तेव्हाच कळलं. बाबासोंनी बटण फिरवलं. अर्धा मिनिट काहीच नाही. मग काचेमागे पिवळा उजेड आला, कोपऱ्यातला, स्टेशन लागल्याचं दाखवणारा हिरवा दिव्याचा डोळा हळूहळू उघडला, आणि एक पुरुषी, घरगुती आवाज खोलीत येऊन बसला. तो भुईमुगावरच्या रोगाबद्दल सांगत होता. पानांवर ठिपके दिसू लागले की काय करावं, फवारणी कधी करावी, कधी करू नये. चौथ्या मजल्यापर्यंत कोणाच्याही कुंडीत भुईमूग नव्हता, पण एकतीस माणसं श्वास धरून ऐकत होती. माशांच्या टाकीवाल्याने तर फवारणीचं प्रमाण लिहूनही घेतलं. मढवी धापा टाकत वर आले, दाराशी थोडा वेळ ऐकत उभे राहिले, आणि सांगणाऱ्याने भुईमूग कधी लावला नसावा असं त्यांनी हळूच जाहीर केलं. त्यांना पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून गप्प केलं. राहीबाईंनी तळहात रेडिओच्या तापलेल्या लाकडावर ठेवला होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत उचलला नाही.

साडेअकराला ठरावाची मुदत संपली. लोक चपला शोधू लागले. रावसाहेब जाताना निकमांचा हात हातात घेऊन, आवाज स्वच्छ होता हो, एवढं म्हणाले, आणि पुढच्या वेळी अर्ज सात दिवस आधी द्या असंही म्हणाले. बाबासोंना पुतळाबाईंनी जेवायलाच थांबवून घेतलं. हॉल रिकामा झाला. रेडिओ चालूच होता, आता त्यावर सनई लागली होती. निकम खुर्ची ओढून सासूबाईंजवळ बसले.

"मामी," ते म्हणाले, "ते मघाशी वाचलं, ते खरं आहे."

"ठाऊक आहे," राहीबाई म्हणाल्या. "पुतळीनं पहिल्याच वर्षी सांगितलेलं."

निकमांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. मग दरवर्षी विचारत का होतात, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज थोडा दुखावलेला निघाला.

"तुम्ही सांगायचा छान," राहीबाई म्हणाल्या. "हे गेल्यावर घरात तसं कोण बोलणारं नव्हतं. ती परदेशातली बाई मला अजून आठवते."

तेवढ्यात सनईच्या मागे बारीक चर्र असा आवाज आला. राहीबाईंनी मान वर केली. हे काय, त्यांनी विचारलं. निकम म्हणाले, पहिल्या मजल्यावरचे घरी पोचले, त्यांनी मेन लावला. मग भुंगा सुरू झाला. ते माशांचे बुडबुडे. पत्रा ओढल्यासारखं झालं. ती लिफ्ट, तिच्यात बहुतेक रावसाहेब. राहीबाई कान देऊन ऐकू लागल्या. सनई एकेका घराखाली बुडत चालली होती आणि निकम प्रत्येक खरखरीला कोणाचं घर, घरात किती माणसं, नवरा काय करतो, बायकोचं माहेर कुठलं हे सांगत गेले. शेवटी वरून एक तिखट, वेगळाच कर्कश आवाज आला, तेव्हा राहीबाई पुढे वाकल्या.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"ही प्रियदर्शिनी," निकम म्हणाले आणि खुर्ची आणखी जवळ ओढून घेतली. "तिचं सांगतो तुम्हाला."